परदेशात आपल्या नंबरची बाईक पाच-साडेपाच महिने ठेवून घरी यायचंय, कुठे आणि कशी ठेवू?

मोकळीवाट:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठाय पण तुमच्यापैकी कुणी ना कुणी यातून गेलं असेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते. सात महिने झाले मी घरून निघून, गाडी ४०० सीसी सिंगल, फ्युएल इंजेक्शनवाली, नंबरप्लेट अर्थात आपल्याच देशाची. पाकिस्तान, इराण कार्नेटवर (अनामत भरून गाडी ड्युटीशिवाय तात्पुरती नेण्याचा कागद) केलं, मग तुर्की, आणि इप्सालाच्या सीमेवरून ग्रीसमध्ये शिरले त्याला आज २६ दिवस झाले. आता आईचं मोठं ऑपरेशन ठरलंय, तिच्याजवळ मला असायलाच हवं, त्यामुळे पुढच्या आठवड्यात विमानाने परत जातेय आणि साधारण साडेपाच महिन्यांनी परत येऊन उरलेला युरोप दोन महिन्यांत करायचा बेत आहे. गाडी बोटीने घरी पाठवून परत आणायची तर दोन्ही वेळचा खर्च आणि वेळ बघता ते काही जमणारं नाही.

उत्तर ग्रीसमध्ये ज्यांच्याकडे उतरलेय ते काका-काकू फार चांगले आहेत, त्यांची शेड आहे, म्हणाले ठेव बिनधास्त, आम्ही अधूनमधून चालू करून ठेवू. मला वाटलं प्रश्न सुटला. ईयूमध्ये (युरोपियन युनियन) गाडीला सहा महिने मिळतात असं ऐकलंय, मी साडेपाचमध्ये परत येतेय, म्हणजे बसतंय ना? की काही सुटतंय माझ्या नजरेतून? आणि इतके दिवस गाडी थंडीत उभी राहणार तर काय काय करून ठेवू? कार्नेटची मुदत पण मी घरी असतानाच संपतेय, ते ईयूत कुणी बघत नाही पण तरी विचारतेय.

---

दोनघड्याळं:

ताई, आधी आईंच्या ऑपरेशनला शुभेच्छा, त्या बऱ्या होवोत, गाडीचं बघू आपण.

बसत नाहीये तुमचं गणित. सहा महिने गाडी शेडमध्ये लावली तेव्हापासून नाही, गाडी ईयूच्या कस्टम हद्दीत शिरली तेव्हापासून मोजतात. २६ दिवस गेले, अजून आठवडा जाईल, त्यावर साडेपाच महिने, म्हणजे तुम्ही परत याल तेव्हा गाडीची मुदत संपून गेलेली असेल आणि त्यापुढे दोन महिने फिरायचंय ते वेगळंच. गाडी चालली की नुसती उभी होती याच्याशी या मोजणीचा संबंध नाही, उभ्या गाडीचे दिवसही जातात. आणि ही मुदत पूर्ण ईयूची मिळून एकच असते, ग्रीसमधून बल्गेरियात गेलात म्हणून नवे सहा महिने मिळत नाहीत.

लोक इथे नेहमी गोंधळतात कारण घड्याळं दोन आहेत. एक माणसाचं, शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. दुसरं गाडीचं, कोणत्याही १२ महिन्यांत ६ महिने. तुम्ही विमानात बसलात की तुमचं घड्याळ थांबतं, गाडीचं चालूच राहतं. मी स्वतः पहिल्या ट्रिपला व्हिसाचे दिवस वहीत रोज लिहायचो आणि गाडीचे एकदाही मोजले नव्हते, सीमेवर अधिकाऱ्याने तारीख विचारली तेव्हा लक्षात आलं.

मुदत ओलांडली तर काय, तर तात्पुरती आणलेली गाडी ही कायमची आयात धरली जाऊ शकते. २५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ईयूत ६ टक्के कस्टम ड्युटी आहे आणि त्यावर ग्रीसचा २४ टक्के व्हॅट, वर दंड तो वेगळा. शिवाय गाडी अडकते ते निराळंच, आणि तेव्हा तुम्ही हजार कामं सोडून तिथे धावत जाणार का?

मग करायचं काय. ग्रीसमध्ये एक सोय आहे जी तुमच्या फार कामाची आहे. परदेशी गाडी कस्टमच्या देखरेखीखाली ‘अचल’ म्हणून ठेवता येते, ग्रीक भाषेत त्याला अकिनिसिया म्हणतात, म्हणजे गाडी जागेवर बंद, ती वापरणार नाही याची नोंद कस्टमकडे, आणि तेवढे दिवस मुदतीतून वजा होत नाहीत. परत आलात की नोंद सोडवायची आणि उरलेले दिवस वापरायचे. तुमचा जवळपास महिना गेलाय, म्हणजे पाच महिने हातात राहतील, दोन महिन्यांची ट्रिप आरामात होते. पण हे आपोआप होत नाही. तुमच्या गावाला जे कस्टम ऑफिस लागतं तिथे विमानाच्या आधी स्वतः जायचं, गाडी कुठे ठेवता येईल, काकांच्या शेडमध्ये चालेल की त्यांनी सांगितलेल्या जागीच लागेल हे त्यांनाच विचारायचं, आणि शिक्का-तारखेचा कागद हातात घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. काकांना बरोबर न्या, भाषेसाठी. तिकिटाच्या आदल्या दिवशी जाऊ नका, दोन-तीन दिवस हातात ठेवा, कारण एखादा कागद कमी पडतोच.

तुर्कीत का नाही ठेवली असं कुणीतरी म्हणेलच, तर तिथे गाडी तुमच्या पासपोर्टच्या नोंदीला जोडलेली असते, गाडीशिवाय देश सोडायचा तर ती आधी कस्टमच्या ताब्यात द्यावी लागते. होतं, लोक करतात, पण आता त्यासाठी उलटं जाण्यात अर्थ नाही.

---

टाकीफुल्ल:

वरच्या पोस्टला जोडून, कारण पुढे कुणी हा धागा वाचेल आणि तो ग्रीसमध्ये नसेल. माझं ठाम मत आहे की शेड नंतर शोधावी, आधी देश निवडावा. उरुग्वेमध्ये परदेशी गाडीला १२ महिने मिळतात म्हणून दक्षिण अमेरिका फिरणारे कितीतरी जण तिथेच गाडी लावून घरी जातात. अर्जेंटिनात परदेशी प्रवाशाला ८ महिने, शेजारच्या चिलीत मात्र ९०च दिवस, म्हणजे अँडीज ओलांडलं की गणितच बदललं. कोस्टा रिकामध्ये ९० दिवस असतात पण गाडी कस्टमच्या बंद गोदामात दिली की उरलेले दिवस गोठून राहतात. मेक्सिकोत परमिट घेताना ठेव भरावी लागते आणि मुदतीत गाडी बाहेर नेली नाही की ठेव गेली. अमेरिकेत परदेशी पाहुण्याची गाडी एक वर्षापर्यंत राहू शकते पण ती तिथे विकता येत नाही, वर्षाच्या आत बाहेर काढावीच लागते. यूकेत पुन्हा १२ महिन्यांत ६ महिने.

हे सगळं नियम बदलू शकतात असं धरूनच वाचायचं, निघण्याच्या महिन्यात त्या देशाच्या कस्टमच्या साईटवर बघायचं आणि सीमेवर मिळालेल्या कागदावर जी तारीख लिहिलीय तीच खरी धरायची. काही जागी अधिकारी सवयीने ३० दिवस लिहून टाकतो आणि हक्काचे ९० असतात, तिथल्या तिथे सांगून बदलून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

---

निळाशार:

ताई एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. काका म्हणाले ना अधूनमधून चालू करून ठेवू, त्यांना हात जोडून सांगा की नका करू. आणि रस्त्यावर तर अजिबात नका काढू.

माझ्या बाबतीत झालेलं सांगतो. ईयूतल्याच एका देशात गाडी मित्राकडे ठेवून मी चार महिने घरी आलो. मित्र तिथला रहिवासी, गाड्यांचा जीव की प्राण असलेला माणूस, त्याला वाटलं गाडी उभी राहून खराब होईल म्हणून एका रविवारी वीस किलोमीटर फिरवून आणायला निघाला, चांगल्या मनानेच. वाटेत तपासणीला थांबवलं. तात्पुरत्या आयातीची सवलत असते ती बाहेर राहणाऱ्याला, तिथल्या रहिवाशाने परक्या नंबरची गाडी मालक देशात नसताना चालवली की ती सवलतच मोडली असं धरतात. गाडी जागच्या जागी जप्त. विमा होता तो पण माझ्या नावावर, दुसरा चालक त्यात नव्हता. मला तिकीट काढून परत जावं लागलं, सात आठवडे गेले, गाडी सुटली पण ड्युटीइतकी रक्कम आधी भरावी लागली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या मित्राला इतकं मनाला लागलं की तो अजूनही माफी मागतो, जेव्हा की चूक माझी होती, मी त्याला सांगूनच गेलो नव्हतो.

म्हणून मी आता किल्ली शेडच्या मालकाकडे ठेवतो कारण आग लागली, पाणी शिरलं तर गाडी हलवता आली पाहिजे, पण बरोबर एक कागद देतो त्यांच्या भाषेत लिहिलेला, की गाडी आवारातच ढकलून हलवायची, इंजिन चालू करायचं नाही, गेटबाहेर न्यायची नाही. लिहिलेलं असलं की त्यांनाही दुसऱ्या कुणाला नाही म्हणणं सोपं जातं.

---

गॅरेजकाका:

आता गाडीचं बोलू. निळाशार यांनी कागदाच्या बाजूने सांगितलं, मी इंजिनच्या बाजूने तेच सांगतो. थंडीत दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं इंजिन चालू करणं हे चांगलं नाही, वाईट आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, इंजिन आणि सायलेन्सर नीट तापले नाहीत की ते पाणी आतच राहतं, तेलात मिसळतं, सायलेन्सर आतून गंजतो, आणि स्टार्टरने बॅटरीतून जेवढं ओढलं तेवढं पाच मिनिटांत भरून निघत नाही. चालू करायची तर अर्धा तास चालवायची, नाहीतर सहा महिने हातच लावायचा नाही.

तेल ठेवायच्या आधी बदला, आल्यावर नाही. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओलावा जमलेला असतो, तो पाच महिने बेअरिंगवर कशाला बसू द्यायचा. बदलून दहा मिनिटं चालवा म्हणजे नवीन तेल सगळीकडे पोचतं.

पेट्रोल. युरोपात पंपावर ई१० असतं म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं. शक्यतो ई५ घ्या, तिथे पंपाच्या नळीवरच गोलात ई५ की ई१० लिहिलेलं असतं. तुमची टाकी लोखंडी असेल तर काठोकाठ भरा, रिकामी जागा कमी म्हणजे ओल धरायला हवा कमी, गंज कमी. पेट्रोल साठून खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर मिळतं ते बाटलीवर लिहिलंय त्या मापाने टाका आणि मग दहा मिनिटं इंजिन चालवा, नुसतं टाकीत ओतून उपयोग नाही, इंजेक्टरपर्यंत गेलं पाहिजे. तेलाची आणि ही दहा मिनिटं एकदमच करा. मात्र कस्टमने त्यांच्या गोदामात ठेवायला सांगितलं तर आगीच्या भीतीने टाकी रिकामी मागू शकतात, तेवढं आधी विचारा. कार्ब्युरेटरवाल्यांनी फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करायचा, नाहीतर आत चिकट थर बसतो आणि मग जेट साफ करत बसा.

बॅटरी. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ट्रॅकर, अलार्म, मोबाईल चार्जर, घड्याळ हे सगळं गाडी बंद असतानाही थोडं थोडं पीत असतं, पाच महिन्यांत ठणठणीत बॅटरी पार उतरते. पूर्ण चार्ज करा, साध्या किंवा एजीएम (सीलबंद) बॅटरीला थोडा वेळ थांबून मोजलं की १२.७ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, १२.४ दिसलं तर ती पाऊण भरलीय. मग आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, आणि शक्य असेल तर बॅटरी काढून काकांच्या घरात ठेवा. उत्तर ग्रीसमध्ये थंडीत पारा शून्याखाली जातो. भरलेली बॅटरी थंडी सोसते, उतरलेली शून्याच्या थोडंच खाली गेलं तरी आत गोठून फुटू शकते. लिथियम असेल तर तीही सोडवून ठेवा, आणि तिला शून्याखालच्या थंडीत कधी चार्जिंगला लावू नका, ती कायमची जाते.

कूलंट आठवणीने बघा ताई. तुम्ही इराणच्या उन्हातून आलात, वाटेत रेडिएटरमध्ये साधं पाणी टाकलंय का? टाकलं असेल तर आत्ताच काढून नीट कूलंट भरा, पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनच्या ब्लॉकला भेग पाडतं, ते दुरुस्त होत नाही. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे नाही.

चेन धुऊन तेल, टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत, मेन स्टँडवर गाडी. स्टँड नसेल तर टायरखाली लाकडाची फळी किंवा जाड पुठ्ठा. प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, आत घाम धरतो आणि सगळं गंजतं, जुनी सुती चादर त्यापेक्षा कितीतरी बरी. सायलेन्सर आणि एअर इनटेकच्या तोंडात कापडाचे बोळे, उंदीर घरटं करतात. सीटखाली खायचं काहीही ठेवू नका, एनर्जी बारचा रिकामा कागद पण नाही, त्या वासाने येतात आणि वायरिंग कुरतडून जातात.

---

मोकळीवाट:

काय लिहू, डोळे भरून आले खरंच. मी तिकीट काढून निवांत बसले होते. कूलंटमध्ये पाणी टाकलंय, दोनदा, इराणमध्ये यझ्दच्या पुढे. उद्या सकाळी पहिलं ते काम.

कस्टम ऑफिस इथून ४० किलोमीटरवर आहे, काका बरोबर यायला तयार आहेत. इंजिन चालू करू नका सांगितलं तर थोडे नाराज झाले, म्हणाले मशीन आहे तिला हलतं ठेवायला पाहिजे, मग निळाशार यांची गोष्ट सांगितली तेव्हा गप्प झाले आणि म्हणाले चादर मी देतो.

दोन गोष्टी राहिल्या. विमा माझा सीमेवर घेतलेला आहे, तो संपेल मधेच, उभ्या गाडीला लागतो का? आणि कार्नेटचं काय करू?

---

दोनघड्याळं:

कार्नेटचं मी सांगतो. ईयूत त्याची गरज नाही आणि तिथे कुणी शिक्का मारलेलाही नसेल, पण तो मेलेला कागद समजू नका, तुमची अनामत त्यात अडकलीय. आधी आत्ता बसून प्रत्येक पान बघा. ज्या देशात शिरलात आणि बाहेर पडलात तिथे पानाच्या मुळाशी उरलेल्या भागावर आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा असे दोन्ही शिक्के आहेत ना? एखादा बाहेरचा शिक्का राहिला असेल तर त्या देशाच्या लेखी गाडी अजून तिथेच आहे आणि दोन वर्षांनीही ड्युटीची मागणी येऊ शकते.

मुदत एक वर्षाची असते. ती संपायच्या आधी ज्या संस्थेने दिलं तिला लिहा, संपल्यावर नाही. मुदतवाढ मिळते किंवा बदली कार्नेट देतात, तुमच्या केसमध्ये काय ते तीच संस्था सांगेल. तुम्ही घरीच जाताय, तर मूळ कार्नेट सोबत घेऊन जा आणि स्वतः जाऊन भेटा. गाडी ग्रीसमध्ये कस्टमच्या नोंदीत आहे हा जो शिक्क्याचा कागद मिळेल तो त्यांना दाखवायला सगळ्यात उपयोगी, कारण गाडी कुठे आहे याचा तो सरकारी पुरावा आहे.

आणि एक, घरचं रजिस्ट्रेशन आणि टॅक्स मधल्या काळात संपत नाहीये ना ते बघा. गाडीचं रजिस्ट्रेशन जिवंत नसेल तर तात्पुरत्या आयातीचा पायाच जातो, विमा पण मिळत नाही. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटची तारीखही बघा, १९४९च्या करारावरचं एकच वर्ष चालतं, सात महिने झालेत तुम्हाला, परत याल तेव्हा संपलेलं असेल. घरी आहात तोवर नवीन काढून घ्या.

---

टाकीफुल्ल:

विमा. सीमेवरचा जो असतो तो थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर. तुमची गाडी चोरीला गेली, जळली तर त्यात काही मिळत नाही. बंद शेडमध्ये, खाजगी आवारात, रस्त्यावर न येणारी आणि कस्टमकडे अचल नोंदवलेली गाडी, तिच्या थर्ड पार्टीचं कस्टम ऑफिसातच विचारून घ्या. आल्यावर गेटबाहेर काढायच्या आधी मात्र नवीन विमा हातात पाहिजेच. ग्रीसच्या आतल्या गावात बसून परक्या नंबरच्या गाडीचा विमा मिळवायला कधीकधी दोन-चार दिवस लागतात, म्हणून परतीचं तिकीट काढल्या काढल्या एजंटशी बोलणं सुरू करा. सीमेवर सोपं असतं पण सीमेपर्यंत विम्याशिवाय जाणार कशी.

चोरीबद्दल एक वेगळी बाजू, फार कमी लोकांना माहीत असते. कस्टमच्या सवलतीत असलेली गाडी चोरीला गेली की फक्त गाडी जात नाही, ती देशाबाहेर गेली हे तुम्ही दाखवू शकत नाही आणि ड्युटी तुमच्याकडे मागू शकतात. तसं काही झालंच तर त्याच दिवशी पोलिसात तक्रार आणि तक्रारीची प्रत कस्टमला, दोन्ही. काकांना हे सांगून ठेवा. जमिनीत गाडलेल्या कडीला जाड साखळी, आणि गाडीची मूळ कागदपत्रं सीटखाली ठेवू नका, तुमच्याकडेच ठेवा, काकांकडे प्रती. जायच्या दिवशी शेडमध्ये फोटो काढा, चारी बाजूंनी, मीटरचं रीडिंग, इंजिन आणि चेसिस नंबर, कस्टमने सील लावलं तर सीलचा.

---

मोकळीवाट:

अपडेट देते. कस्टममध्ये दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी रजिस्ट्रेशनचं भाषांतर मागितलं, दुसऱ्या दिवशी काम झालं. काकांचीच शेड चालली, त्यांनी जबाबदारीची सही केली. शिक्क्याचा कागद मिळाला, त्यावर तारीख आणि मीटरचं रीडिंग दोन्ही आहे. मीच मागून लिहून घेतलं. कूलंट बदललं, जुनं काढलं ते जवळजवळ पाणीच होतं. तेल, पेट्रोल, चेन सगळं झालं. बॅटरी काकूंच्या कोठीच्या खोलीत ऑलिव्हच्या डब्यांशेजारी ठेवलीय.

कार्नेटची पानं तपासली, सगळे शिक्के आहेत. परवा विमान.

शेडचं दार लावताना फार जड गेलं मला, सात महिने रोज सकाळी पहिलं तोंड तिचंच बघत होते.

---

गॅरेजकाका:

छान केलंत. आता आईंकडे लक्ष द्या.

एकच राहिलं, बोळे घातलेत ना सायलेन्सरमध्ये आणि इनटेकमध्ये, तर एक लाल फडकं हँडलला बांधून त्यावर मार्करने लिहा, दोन बोळे, हवा कमी करणे, बॅटरीची आधी पॉझिटिव्ह. साडेपाच महिन्यांनी विमानातून उतरून घाईघाईत स्टार्टर मारताना यातलं काही आठवत नाही. जायच्या आधी वेळ नसेल तर काकांना फोनवर सांगा, ते बांधतील.